कोरड्या नदीतला तंबू

थंडीच्या दिवसांत लोकांना हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. मला एक पातेलं आठवतं. जर्मनचं, एका बाजूनं चेपलेलं, दुधाचं. ते माझ्या डोळ्यांसमोर एक गिरकी घेऊन निघून गेलं त्याला आता बरीच वर्षं झाली. पण नाशकात कपाटातून स्वेटर बाहेर निघाले की ते पुन्हा गिरकी घेतं, आणि मी हातातलं काम सोडून उगाचच घरातली माणसं मोजतो.

आज सकाळी जरा उशिरानंच चहा घेत होतो तेव्हा आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझे सासरे. दिंडोरीच्या बाजूला, वणीच्या रस्त्यापासून आत, नदीकाठी त्यांचं शेत आहे. झेंडू आणि टोमॅटो. ही नदी दिवाळीनंतर कोरडी पडत जाते आणि मग वरच्या धरणातून तिच्यात मधूनमधून पाणी सोडतात. त्याला सगळे आवर्तन म्हणतात. ते सुटलं की काठावरच्या मोटारी सुरू होतात, पिकांच्या माना वर होतात आणि आबांचा मला फोन येतो. त्यात रामराम नसतो, ख्यालीखुशाली नसते. दोनच वाक्यं असतात.

"पानी सोडलंय. पोर कुठं हे?"

पोर म्हणजे मुक्ता, माझी मुलगी. इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेवर तयार असायचं. शाळेत आहे, आबा. क्लासला गेलीय. हॉस्टेलवर आहे, आत्ताच बोललो. एकदा तर ती माझ्या शेजारी बसून मटार सोलत होती. उत्तर मिळालं की आबा "बरं" म्हणत आणि फोन ठेवत. आज मात्र मी कप हातात धरून नुसताच उभा राहिलो.

कारण मुक्ता कुठं आहे हे मला ठाऊक नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, सायलीनं, एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं घर केलं आहे. आतल्या सीटा काढल्या, प्लायवूडचा पलंग ठोकला, पलंगाखाली पाण्याची टाकी, दाराशी दोन बर्नरची शेगडी, खिडक्यांना सायलीच्या आईच्या जुन्या साड्यांचे पडदे. शिवाय गाडीच्या टपावर एक तंबू बांधलेला, कारण मुक्ताचं म्हणणं असं की झोप तंबूतच लागते, गाडीत नुसता मुक्काम होतो. दोघी या आठवड्यात निघाल्या. सप्तशृंगीच्या पायथ्यापासून पुढे सुरगाण्याकडे, आणि परत येताना आबांच्या नदीकाठी कुठंतरी, वरच्या अंगाला.

"कुठंतरी म्हणजे कुठं?" मी निघताना विचारलं होतं.

"जागा बघितली की ठरवू, बाबा. आधीच ठरवायचं तर हॉटेल नसतं का घेतलं?"

काल संध्याकाळी तिचा मेसेज आला होता: 'नदीवर पोचलो. मस्त जागा. इथं रेंज धड नाही.' तेवढाच. आबांना मी म्हणालो, "बाहेर फिरायला गेलीय, आबा. फोन लागला की सांगतो."  आबा "बरं" म्हणाले. पण हे बरं रोजच्या बऱ्यासारखं नव्हतं.

तेव्हापासून मी फोन लावतो आहे. आतली बाई मला तिन्ही भाषांत एकच गोष्ट सांगते आहे आणि तिन्ही भाषांत ती सारखीच निर्विकार आहे.

मी भित्रा माणूस आहे. हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण माझं पोट भीतीवरच चालतं. विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर माझा जन्म गेला. कोण गच्चीवरून पडलं, कुणाच्या स्वयंपाकघरात सिलिंडर फुटला, कोण लग्नाला जाताना घाटातच राहिलं, हे सगळं माझ्यासमोरून सरकतं. इतर माणसं ज्या जगात राहतात तिथं कधीतरी काहीतरी होतं. माझ्या जगात ते दहा ते सहा होत असतं. माझी बायको सुनंदा नेमकी उलटी. फुलं पिकवणाऱ्यांच्या घरातली. लहानपणी झेंडूनं भरलेल्या टेम्पोत, फुलांवरच झोपून ती पहाटे नाशिकच्या बाजारात यायची. तिला एकाच गोष्टीची भीती वाटते, भाव पडण्याची. बाकी साप, अंधार, अनोळखी वाट, हे तिला भीतीचे विषय वाटत नाहीत, नुसते विषय वाटतात.

तंबू घ्यायचा हे तिच्याच डोक्यातून निघालं. मुक्ता तेव्हा आठवीत होती आणि सुट्टीत घरात बसून बसून आंबली होती. दुकानदार म्हणाला, "चार माणसं आरामात झोपतील." ही चार माणसं त्यानं कुठली धरली होती देव जाणे. आम्ही तिघं आत आडवे झालो की एकानं कूस बदलायची तर बाकीच्या दोघांची संमती लागायची. मग एकेक सामान येत गेलं. झोपायच्या पिशव्या. खाली अंथरायच्या जाड चटया. कपाळावर बांधायचा दिवा, जो लावून सुनंदा गॅसखालची झाडलोट करू लागली. तळहातावर मावणारी घडीची शेगडी, तिच्याकडे तर माझ्यानं बघवत नसे. मुक्ता दिवाणखान्यात तंबू लावायची आणि त्यात बसून अभ्यास करायची. तंबूची चेन वर-खाली होण्याचा तो सर्र आवाज त्या थंडीत आमच्या घराचा आवाज झाला होता. तो आवाज मला अजून सहन होत नाही. कुणी बॅगेची चेन जोरात ओढली तरी मी हातातलं टाकून तिकडे बघतो.

पहिला मुक्काम आबांच्याच शेतात केला. दसरा-दिवाळीचा झेंडू निघून गेला होता, मागचा थोडा उभा होता. बांधाच्या कडेला मी खिळे ठोकले. आबा आले, खाली वाकले, माझे खिळे दोन बोटांनी उपटून बाजूला ठेवले आणि बाभळीच्या खुंट्या ठोकल्या. शेजारच्या मळ्यातली मावशी कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"काय गं सुनंदे, घरात जागा नाय का जावयाला?"

"हाय की मावशी. हौस हे."

"हौस हे? मंग झोपा," असं म्हणून ती निघून गेली. तिच्या दृष्टीनं विषय संपला.

मी आबांना हळूच बिबट्याचं विचारलं. "हे ना," ते म्हणाले, "त्या तिकडच्या उसात. पिल्लं हेत तिला." शेजारची सून बाळंतपणाला आलीय हे सांगावं तसं. मी झोपलो नाही हे सांगायला नकोच. पण सकाळचं आठवतं. तंबूच्या कापडाला आतून दव धरलेलं, एकेक थेंब कपाळावर पडत होता. थंड झेंडूचा कडसर वास. मुक्तानं चेन ओढून फक्त डोकं बाहेर काढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आत वळून मला म्हणाली, "बाबा, आपण जिवंत आहोत." पुढे दर मुक्कामाच्या सकाळी ती तेच म्हणायची. मला चिडवायला म्हणायची, पण मला ते ऐकायला हवं असायचं.

दुसरा मुक्काम एका धरणाच्या फुगवट्यावर, पैसे घेऊन तंबू देतात तिथं. रंगीबेरंगी तंबूंच्या रांगा, मोठ्यानं गाणी, पनीर भाजल्याचा धूर. सुनंदा म्हणाली, "हे तर लग्नाच्या मांडवात झोपल्यासारखं झालं." मला मात्र ती जागा आवडली होती. तिथं राखणदार होता, कुंपण होतं, आणि आग विझवायच्या वाळूच्या लाल बादल्या होत्या. मी त्या बादल्यांच्या शेजारचा तंबू मागून घेतला होता. पण घरात दोन मतं एका मतापेक्षा जास्त असतात, त्यामुळे पुढचा मुक्काम पुन्हा आबांकडे ठरला. यावेळी शेतात नाही, खाली नदीत.

नदीत. आज हा शब्द लिहितानाही हात थांबतो. त्या दिवशी तो आम्ही सगळ्यांनी किती सहज वापरला. "नदीत बसू, वारा लागत नाय," आबा म्हणाले. "नदीत सपाट आहे," सुनंदा म्हणाली. आणि नदीत होतं तरी काय? पौष महिना. पावसानं त्या वर्षी दगा दिलेला. एक बोटभर धार पलीकडच्या काठाला धरून वाहत होती, मधे गोट्यांचा आणि वाळूचा लांबट उंचवटा, त्यावर वाळलेलं गवत, आणि उंचवट्याच्या अलीकडे, म्हणजे आमच्या शेताच्या बाजूला, जुन्या पात्राची कोरडी खोलगट पट्टी. ती पट्टी ओलांडून आम्ही त्या उंचवट्यावर गेलो. पायाखाली धूळ उडत होती.

त्या थंडीत आमच्या घरी पाण्याशिवाय दुसरा विषय नव्हता, हे इथं सांगायला हवं. आबांचा झेंडू माना टाकत होता, टोमॅटोची फुलं गळत होती. आवर्तन सुटणार, सुटणार, असं रोज कुणीतरी सांगायचं. सोमवारी सोडतील. नाही, बैठक व्हायचीय. वरच्यांनी अडवलंय. खालच्यांनी मागितलंय. ती वाट बघणं फोनच्या तारेतून आमच्या नाशिकच्या घरातही येऊन बसलं होतं. मुक्ता जेवताना विचारायची, "सोडलं का?" परीक्षेचा निकाल लागला का, असं विचारावं तसं. आमच्या सगळ्यांच्या मनात पाणी म्हणजे एक न येणारी गोष्ट झाली होती. जी येत नाही तिला कोण भिणार?

मी भ्यालो होतो, नेहमीसारखाच, आणि नेहमीच्या गोष्टींना. बिबट्याला भ्यालो, पण तिथं चारी बाजू मोकळ्या दिसत होत्या. विंचवाला भ्यालो, म्हणून गोटे उलटून बघितले. शेगडीला भ्यालो, म्हणून ती आणलीच नाही, तीन दगडांची चूल मांडली. आणि सगळं तपासून झाल्यावर, त्या सबंध हंगामात पहिल्यांदाच, माझा जीव खरोखर भांड्यात पडला. ही जागा सुरक्षित आहे असं मला मनापासून वाटलं. मी आबांना तसं बोलूनही दाखवलं.

ऊन उतरत होतं. निखाऱ्यात वांगी भाजून भरीत झालं होतं, भाकरी झाल्या होत्या. दुधाचं पातेलं मी धारेच्या कडेला, पाण्यात टेकवून, झाकणावर दगड ठेवून आलो होतो, गार राहावं म्हणून. मुक्ता तंबूत, चेन लावून, कानात गाणी घालून पडली होती. आत तिनं कपाळाचा दिवा छताच्या कडीला अडकवून लावला होता. दिवसाउजेडी दिवा लावला म्हणून मी ओरडलो होतो. आबांनी गवत कापायला आणलेला विळा शेजारी ठेवून बिडी पेटवली, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरून शिवाजीचा, म्हणजे माझ्या मेहुण्याचा.

आबांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. मुक्ता झाली तेव्हाही नाही. "सोडलं," ते आम्हाला म्हणाले. "सकाळीच सोडलं म्हने." सुनंदानं धरणाच्या दिशेला तोंड करून हात जोडले. मी म्हणालो, "चला आबा, सुटलो एकदाचे." आबा म्हणाले, "सुनंदे, च्या टाक. साखर घाल जास्ती."

पुन्हा सांगतो. आम्ही तिघं नदीच्या पोटात बसलो होतो. नदीत पाणी सोडल्याची बातमी आम्हाला नदीतच मिळाली. आणि आम्ही चहा टाकला. गुपित काही नव्हतं, गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं, सगळा काठ पाणी येणार म्हणून मोटारींना तेल घालत होता. फक्त 'पाणी आलं' आणि 'आपण कुठं बसलोय' या दोन गोष्टी आमच्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत. शहरातली परकी माणसं असती तर कदाचित दचकली असती. आम्ही पाण्याची वाट बघणारी माणसं होतो, आम्हाला आनंद झाला.

चहाला दूध हवं म्हणून मी धारेकडे गेलो. पातेलं ठेवलं होतं तिथं नव्हतं. ते जरा पुढे, पाण्यावर, सावकाश फिरत होतं. झाकण पडलेलं, दूध सांडून पाण्यात पांढरी रेघ. मला वाटलं, माझ्याच हातून नीट टेकवलं गेलं नाही. मग दिसलं की पाणी गढूळ झालंय. वर काटक्या, पाचोळा, फेस. पातेल्यानं एक गिरकी घेतली आणि ते निघालं, कुणी हाक मारल्यासारखं.

मी मागे वळून म्हणालो, "आबा, दुधाचं पातेलं वाहून चाललंय."

आबांनी वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग पाण्याकडे, मग आमच्या आणि शेताच्या मधल्या त्या कोरड्या पट्टीकडे. मीही तिकडे पाहिलं. पट्टी चमकत होती. पाणी समोरून यायच्या आधी मागून फिरून आलं होतं आणि परतीच्या वाटेवर आडवं पसरलं होतं. उसातल्या बिबट्यालाही न भिणाऱ्या त्या माणसाचं तोंड एका क्षणात पांढरं पडलं. त्यांच्या ओठांतली बिडी खाली पडली.

"पोर कुठं हे?" ते म्हणाले.

ते वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. अगदी हळू म्हटलं होतं त्यांनी.

तंबू उंचवट्याच्या खालच्या टोकाला होता. मी धावलो. गोट्यांवरून धावता येत नाही, पाय मुरगळतो, माझा मुरगळला, ते घरी गेल्यावर कळलं. मी चेन ओढली. ती वीतभर उघडली आणि अडकली, आतलं जाळीचं कापड तिच्या दातांत आलं. मी जोर लावला तशी ती आणखी गच्च झाली. आतून मुक्ता हसली. तिला वाटलं, चेष्टा चाललीय. "बाबा, काय करतोयस, फाटेल ना." मी काही बोलू शकलो नाही.  मग तिचं हसणं थांबलं आणि वेगळ्याच आवाजात तिनं विचारलं, "बाबा, खालून गार का लागतंय?"

माझ्या पायांच्या बोटांमधून पाणी चाललं होतं. इतकं थोडं. एखाद्या लहान मुलानं बादली लवंडावी एवढंच. मी ती चेन धरून उभा होतो, आणि कापडापलीकडे, एका बोटाच्या अंतरावर, माझी मुलगी होती. भीतीबद्दल मला जे जे माहीत आहे असं वाटायचं ते सगळं त्या घडीला पुसलं गेलं. फायलीतली भीती बोलकी असते, तिला कारणं असतात, रकाने असतात. ही मुकी होती. हात गोठवणारी.

आबांनी मला खांद्यानं बाजूला ढकललं आणि विळा वरपासून खालपर्यंत कापडातून ओढला. मुक्ताला दंडाला धरून बाहेर काढलं. सुनंदा आधीच पट्टीत उतरून पाऊल चाचपत होती. तिनं पदर कमरेला खोचला होता आणि मागे न बघता हात मागे केला होता. तो हात मुक्तानं धरला, मुक्ताचा आबांनी, आबांचा मी. पाणी गुडघ्याला होतं, मधे मांडीला लागलं. खालचे गोटे पायाखालून सरकत होते, आणि त्यांचा एकमेकांवर आपटण्याचा आवाज पाण्यातून वर येत होता. कुणी ओरडलं नाही. एकदा मुक्ताचा पाय सुटला, आबांचा हात ताणला गेला, माझा ताणला गेला, आणि मग तो पुन्हा सैल पडला. काठावरच्या बाभळीची मुळी सुनंदाच्या हाती लागली.

वर आलो आणि वळून पाहिलं. संध्याकाळ झाली होती. तंबू अजून उभा होता, आबांच्या खुंट्यांनी धरलेला, आणि आतला दिवा तसाच चालू होता. चारी बाजूंनी पाणी, मधे तो पिवळा उजेड. मग एकेक खुंटी सुटली. तंबू कलला, उचलला गेला आणि वळणापर्यंत दिवा घेऊन गेला. सुनंदानं मुक्ताच्या पाठीत एक जोरात रट्टा घातला आणि लगेच तिला असं आवळलं की पोर गुदमरली. आबा खाली बसले होते. त्यांना उठता येईना. मातीत हात टेकून ते म्हणाले, "उभा जन्म पान्याची वाट बघितली. ते येतं कुठून, तेच इसरलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मोटार लावली. लावायलाच हवी होती, पीक मरत होतं. मी बांधावर उभा होतो. पाईपातून आलेलं पाणी सरीत शिरलं, मातीचा भुगा पुढे ढकलत, एखाद्या पाळीव जनावरासारखं आबांच्या खोऱ्यामागं चालत आलं. तेच पाणी. माझ्या पायांपाशी आलं तेव्हा मी पाय वर घेतले. आबांनी ते पाहिलं. त्यांनी ती सरी बंद केली आणि पाणी पलीकडे वळवलं.

मुक्ताला त्यानंतर पुन्हा बाहेर पाठवू नये असं माझं स्वच्छ मत होतं. सुनंदानं पुढच्याच थंडीत नवा तंबू आणला. आमचं कडाक्याचं भांडण झालं. "विहिरीत पडली म्हणून पोरीला पोहायला शिकवायचं का विहीर बुजवायची?" ती म्हणाली. मी म्हणालो, "विहीर बुजवायची." मला अजूनही तसंच वाटतं, पण माझं कोण ऐकतं. मुक्ता मोठी होत गेली, तंबू बदलत गेले, हलके होत गेले. तिच्या सामानात एक गोष्ट मात्र कायम राहिली: आबांनी दिलेला छोटा विळा, कापडात गुंडाळलेला. तो उशाशी असल्याशिवाय ती तंबूत झोपत नाही. परवा गाडी भरताना सायलीनं विचारलं, "हा कशाला?" मुक्ता म्हणाली, "चेनसाठी." सायलीला काही कळलं नाही. मी दुसऱ्या खोलीत गेलो.

आणि आबांनी दुसरं काही बदललं नाही, फक्त दर आवर्तनाला ते हा फोन करायला लागले. आम्ही घरात त्यावर हसायचोही. मुक्ता लग्न होऊन परदेशी गेली तरी आबा विचारणार, असं सुनंदा म्हणायची.

दुपार गेली. मी जेवलो नाही. सुनंदा जेवली, पण तिनं ताटात भात दोनदा वाढून घेतला आणि दोन्ही वेळा तसाच ठेवला. मग कपड्यांच्या घड्या घालायला बसली. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालत होती.

"ती काय लहान आहे का आता," ती म्हणाली. "तिला कळतं."

"तेव्हा आपल्याला कळत नव्हतं का?" मी म्हणालो.

तिनं हातातली घडी पुन्हा मोडली.  मी फोन लावला. बाईनं सांगितलं. मी खिडकीत जाऊन लावला, जणू रेंज माझ्याच घरात कमी होती. सगळा दिवस मी मनातल्या मनात त्या नदीच्या काठाकाठानं चालत होतो आणि प्रत्येक वळणावर मला एक तंबू दिसत होता, आत दिवा लावलेला.

उन्हं गॅलरीतून निघून गेल्यावर फोन वाजला. अनोळखी नंबर. मला उचलायचं धैर्य होईना. अनोळखी नंबरावरून कुठल्या बातम्या येतात ते माझ्या टेबलाला विचारा. सुनंदानं माझ्या हातातून फोन घेतला.

"आई, बाबा कुठंय? रेंज आली तर एवढे मिस्ड कॉल? तेवढ्यात माझी बॅटरी संपली, हा दुकानातल्या काकांचा फोन आहे."

सुनंदा भिंतीला टेकली. मी फोन घेतला आणि विचारलं, "तू कुठं आहेस?"

"रस्त्यावर आलो आत्ता. वणीकडे निघालोय."

"रात्री कुठं होतीस?"

"वर, माळावर, शाळेच्या मागं. नदी खाली दिसत होती, बाबा. सायलीला खाली वाळूत लावायचा होता तंबू. मी नाही म्हटलं. सकाळी उठलो तर सगळी वाळू पाण्याखाली." ती जरा थांबली. "बाबा, आपण जिवंत आहोत."

 मी घड्या घातलेल्या कपड्यांवरच बसलो. ती म्हणाली, "आबांना सांग."

आबांनी फोन पहिल्याच रिंगला उचलला.

"सापडली, आबा. वर माळावर होती. बरी आहे."

 आबा म्हणाले, "बरं." सुनंदानं फोन ओढून घेतला. तिला काहीतरी खटकलं होतं, शेतकऱ्याच्या लेकीचे कान. "आबा, तुम्ही नदीवर आहात ना? मग मोटारीचा आवाज कसा नाही? या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची आहे ना तिकडं? जाईल की आता."

"लावतो ना," आबा म्हणाले. "लावतोच हे."

"सकाळपासून लावली नाहीत?"

 "आदी पोरीचं कळू दे, मंग पान्याला हात लावायचा," ते म्हणाले. "तसंच करतो म्या. दर बारीला."

इतकी वर्षं आम्ही लगेच उत्तर देत आलो, म्हणून आम्हाला ते कधी कळलं नव्हतं. आज पाणी दिवसभर त्यांच्या समोरून वाहत गेलं, लाईट आली आणि जायची वेळ झाली, काठावरच्या सगळ्यांच्या मोटारी चालू होत्या, आणि माझे सासरे आपल्या बंद मोटारीशेजारी फोन हातात धरून बसले होते.

 आबा फोन बंद करायचं विसरले असावेत. चपला घासत चालल्याचा आवाज आला, लोखंडी पेटीचं दार कुरकुरलं, खटका पडला. आणि मग आमच्या नाशिकच्या घरात, फोनमधून, मोटार सुरू झाली.